यादीत नाव आहे का?

जानेवारी २०२६. महापालिकेच्या मतदानाची सकाळ. हडपसरमधल्या एका शाळेपासून थोड्या अंतरावर पक्षांची टेबलं लागली होती आणि तिथे उमेदवारांच्या नावांपेक्षा "सापडेना, सापडेना" हेच जास्त ऐकू येत होतं. टेबलामागची पोरं मोबाइलवर आधी आडनाव टाकायची, मग नाव, मग आडनावाचं दुसरं स्पेलिंग. साठी ओलांडलेल्या एक बाई पर्समधून मतदार ओळखपत्र काढून परत परत पुढे करत होत्या.

"कार्ड सरकारनंच दिलंय ना? मग आता नाव नाही म्हणजे काय?"

"काकू, कार्ड खरंय हो. पण यादीत नाव लागतं."

अर्ध्या तासानं नाव सापडलं, पण शेजारच्या प्रभागात. त्यांची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली होती. भाड्याच्या घरात येऊन त्यांना काही वर्षं झाली होती, पण यादीच्या लेखी त्या अजून पाडलेल्या इमारतीतच राहत होत्या. त्या रिक्षा करून तिकडे गेल्या. त्यांच्या मागे उभं असलेलं जोडपं मात्र नाव न सापडताच घरी परतलं.

या अंकाचा विषय 'पुरावा' ठरल्यावर संपादकांनी सुचवलं, की मतदाराच्या ओळखीवर लिहा. या विषयावर अलीकडे एवढं बोललं गेलंय, की बाजू पाठ झाल्या आहेत. एक बाजू म्हणते, बोगस मतदार घुसवले. दुसरी म्हणते, खऱ्यांची नावं कापली. प्रत्यक्ष फिरून पाहिल्यावर माझं मत असं झालं, की दोन्ही तक्रारी एकाच यादीत, एकाच वेळी खऱ्या असू शकतात. आपण भांडतो ते कार्डावरून आणि यंत्रावरून. निवडणूक सुरक्षित आहे की नाही, हे मात्र त्याआधी काही महिने कुणाच्या तरी दारात ठरून गेलेलं असतं.

अमक्याची बायको

पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ ची. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन. सतरा कोटींवर मतदारांची यादी करायची होती, त्यातले बहुसंख्य निरक्षर. नावं लिहून घेणारे घरोघर गेले, तेव्हा अनेक ठिकाणी, मुख्यतः उत्तरेत, बायका स्वतःचं नाव परक्या माणसाला सांगेनात. मग लिहिणाऱ्यांनी 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' असं लिहून पुढचं घर गाठलं. सेन यांनी अशा नोंदी चालवून घ्यायला नकार दिला. नाव नाही तर मतदार नाही. दुरुस्तीला मुदत दिली, तरी सुमारे २८ लाख बायकांची नावं त्या यादीतून गळाली.

सेन यांचा निर्णय तत्त्वाला धरून होता. पुढच्या काळात बायकांनी आपापली नावं नोंदवली, याचं काही श्रेय त्या कडकपणालाही जातं. पण त्या वेळी मत गेलं ते बायकांचंच. अर्धवट नोंद लिहून पुढे गेलेल्या कारकुनाचं काहीच गेलं नाही. यादी स्वच्छ करण्याच्या प्रत्येक मोहिमेत हे पुढेही होत आलंय.

कार्ड बरंच नंतर आलं. टी. एन. शेषन डिसेंबर १९९० मध्ये मुख्य निवडणूक आयुक्त झाले आणि १९९३ पासून फोटो ओळखपत्रांचं काम सुरू झालं. ओळखपत्रं नसतील तर निवडणुका घेणार नाही, इथपर्यंत त्यांनी ताणलं. शाळेच्या व्हरांड्यात पडदा लावून काढलेले ते काळपट फोटो आणि नावांची झालेली वाताहत आपल्या आईवडिलांच्या पिढीला चांगली आठवते. तरी त्या कार्डानं गरिबाच्या खिशात पहिल्यांदा स्वतःच्या फोटोचा सरकारी कागद आला, हे मोठंच काम झालं.

मतदानाला मात्र हेच कार्ड पाहिजे असं नाही. आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, रोजगार हमीचं जॉबकार्ड, दिव्यांगांचं ओळखपत्र अशी डझनभर कागदपत्रं लोकसभा-विधानसभेला चालतात. आयोग वाटतो ती मतदार चिठ्ठी २०१९ पासून ओळखीचा पुरावा म्हणून एकटी चालत नाही. कार्डावरचा क्रमांकही आपण समजतो तेवढा पक्का नाही. मार्च २०२५ मध्ये वेगवेगळ्या राज्यांतल्या मतदारांना एकच क्रमांक मिळाल्याचं उघड झालं. पूर्वी राज्यं आपापल्या मालिका वापरत, त्यात काही मालिका सारख्या निघाल्या, असा खुलासा आयोगानं केला आणि नवे क्रमांक द्यायचं कबूल केलं. मतदार वेगळे होते, केंद्रं वेगळी होती, त्यामुळे एवढ्यानं दोनदा मत पडत नाही, हे आयोगाचं म्हणणं पटण्यासारखं आहे. पण संशयाला जागा मिळाली ती मिळालीच.

ताईंची वही

मतदान केंद्रस्तरीय अधिकारी हे भारदस्त नाव कुणी वापरत नाही. सगळे बीएलओच म्हणतात. बीएलओ म्हणजे बहुतेक ठिकाणी शिक्षक, अंगणवाडी सेविका, तलाठी नाहीतर पालिकेचा कर्मचारी. आपलं मूळ काम सांभाळून हे काम करायचं. मानधन वर्षाला ६,००० रुपये होतं, ते ऑगस्ट २०२५ मध्ये दुप्पट झालं. एका केंद्रावर जास्तीत जास्त १,२०० मतदार, असं आयोगाचं आता धोरण आहे. म्हणजे एका माणसामागे हजारभर नावं.

पिंपरीतल्या एका वस्तीत अशा एका ताईंबरोबर मी फिरले. सकाळी अंगणवाडी, पोरांचा आहार, वजनाच्या नोंदी, आणि दुपारी मतदार. खांद्याच्या पिशवीत यादीची फोटोंसकट छापलेली प्रत, नमुना ६, ७ आणि ८ चे कोरे अर्ज, आणि एक दोनशेपानी वही. आयोगाचं ॲप मोबाइलमध्ये आहे, पण खरा भरवसा वहीवर. प्रत्येक पानावर एक गल्ली. नावासमोर त्यांच्या स्वतःच्या खुणा: 'म' म्हणजे मयत, 'स्थ' म्हणजे स्थलांतरित, 'माहेर' आणि 'सासर' पूर्ण लिहिलेलं, आणि काही नावांसमोर नुसतं 'रात्री'.

"रात्री म्हणजे?"

"कंपनीत जातात. सातनंतरच घर उघडं असतं. मग मी पण सातनंतरच जाते."

घर क्रमांकाचा रकाना हा तर वेगळाच खेळ. या वस्तीत क्रमांकच नाहीत. कुणाच्या दारावर पालिकेच्या सर्व्हेचा आकडा, कुणाच्या वीजमीटरचा, कुणाच्या काहीच नाही. मग यादीत शून्य पडतं, किंवा एकाच क्रमांकाखाली पंचवीस माणसं येतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये 'घर क्रमांक शून्य' हा देशभर आरोपाचा विषय झाला, तेव्हा मुख्य निवडणूक आयुक्त ज्ञानेश कुमार यांनी खुलासा केला, की ज्यांच्या घराला क्रमांक नाही त्यांनाही मताचा हक्क आहे. ते बरोबरच आहे. तरी शून्याच्या आड खोटं नावही लपू शकतं, हेही बरोबर आहे. दोन्हीतला फरक ओळखणारं माणूस म्हणजे या ताई. त्या नसतील तर दिल्लीतल्या संगणकाला दोन्ही शून्यं सारखीच.

मेलेल्यांची नावं का राहतात, हे त्यांच्याबरोबर फिरल्यावर कळलं. नाव वगळायला नमुना ७ भरायचा, त्याला मृत्यूचा दाखला जोडायचा. आजोबा गेले, दाखला विम्याला लागला, बँकेला लागला. यादीतून नाव कमी करून घरच्यांना काय मिळणार? एका घरी सूनबाई म्हणाल्या, "राहू द्या ना ताई नाव, आठवण आहे त्यांची." ताईंनी वहीत 'म' लिहिलं. पण त्यांच्या 'म' नं नाव जात नाही. अर्ज, नोटीस, सुनावणी, नोंदणी अधिकाऱ्याचा आदेश, मग नाव जातं. ही वाट लांबडी आहे आणि तशीच ती असायला हवी, कारण याच वाटेनं जिवंत माणूसही कापला जाऊ शकतो.

दुबार नावांचं मूळ तर आणखीच साधं. मुलगी लग्न होऊन आली, की सासरच्या पत्त्यावर नवं नाव घालायचं म्हणून नमुना ६ भरते. तो पहिल्यांदा नोंदणी करणाऱ्यांचा अर्ज. पत्ता बदलायचा तर नमुना ८ भरायचा, म्हणजे जुनी नोंद हलते. हे सांगणारं कुणी नसतं. माहेरच्या नावानं तिकडे एक नोंद, सासरच्या नावानं इकडे दुसरी, आणि नाव-आडनाव-वडील-नवरा सगळंच बदलल्यामुळे संगणकालाही पत्ता लागत नाही. दोन ठिकाणी नाव असणं कायद्याला मान्य नाही, खोटं प्रतिज्ञापन केलं तर एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. त्या वस्तीतल्या दुबार बायकांपैकी कुणाच्याही हे गावी नव्हतं.

दोन तारे

मुंबईत हाच प्रश्न लाखांच्या घरात गेला. महापालिका निवडणुकीआधी राज्य निवडणूक आयोगाच्या तपासणीत मुंबईच्या एक कोटीवर मतदारांत सुमारे ११ लाख नोंदी दुबार असण्याची शक्यता दिसली. १ नोव्हेंबर २०२५ ला विरोधी पक्षांनी एकत्र येऊन मुंबईत 'सत्याचा मोर्चा' काढला. आयोगानं उपाय केला तो असा: संशयित नावापुढे यादीत दोन तारे छापायचे, त्या मतदाराला आधी गाठून तो कुठल्या केंद्रावर मत देणार ते लिहून घ्यायचं, आणि न गाठता आला तर केंद्रावर हमीपत्र घ्यायचं, की मी दुसरीकडे मत दिलेलं नाही आणि देणार नाही.

नावंच का काढली नाहीत, असं तेव्हा अनेकांनी विचारलं. पालिका, जिल्हा परिषदा यांच्या निवडणुका राज्य आयोग घेतो, पण यादी भारत निवडणूक आयोगाच्या विधानसभा यादीतून घेतो. या वेळी १ जुलै २०२५ ची यादी धरली आणि ती प्रभागांत फोडली. फोडताना इमारतीच्या इमारती शेजारच्या प्रभागात जाऊ शकतात, ती चूक दुरुस्त करता येते. मूळ यादीतलं नाव काढायचा किंवा घालायचा अधिकार राज्य आयोगाला नाही. घर एकाचं आणि किल्ली दुसऱ्याकडे, अशी ही व्यवस्था आहे. तक्रार घेऊन गेलेला नागरिक दोन कार्यालयांच्या मध्ये फिरत राहतो.

खोटी नावं कुणी घालतच नाही, असा याचा अर्थ कुणी काढू नये. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा मतदारसंघात ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या तोंडावर, साडेसात हजारांवर नवे ऑनलाइन अर्ज आले. बीएलओ पत्त्यांवर गेले तर माणसंच नाहीत. साडेसहा हजारांहून अधिक अर्ज नाकारले गेले आणि पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला. वर्षभरानं राहुल गांधींनी हे प्रकरण देशापुढे मांडलं ते घोटाळ्याचा पुरावा म्हणून. प्रशासनानं सांगितलं, आम्हीच तर पकडलं. मला यातली तिसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. ते अर्ज घरबसल्या, ढिगानं करता आले, आणि ते अडले ते पायी दारापर्यंत गेलेल्या माणसामुळे. शेजारी कर्नाटकात आळंद मतदारसंघात उलटा प्रकार झाला. तिथे नावं वगळण्यासाठी सहा हजारांवर अर्ज दुसऱ्यांच्याच नावानं भरले गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये ते गाजल्यावर अशा ऑनलाइन अर्जांना आधारशी जोडलेल्या मोबाइलची पडताळणी आली. ती आधीच असायला हवी होती.

आणखी एक गोष्ट मला डाचते. संकेतस्थळावरची यादी ही चित्ररूपात असते. तिच्यात शोधता येत नाही, जुळवणी करता येत नाही. शोधता येणारी यादी द्या, ही काँग्रेसचे कमलनाथ यांची मागणी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मान्य केली नाही, आणि खासगीपणाचं कारण आयोग आजही देतो. पण पक्षांकडे पैसा आहे, ते तीच यादी यंत्राला वाचायला लावतात. अडतो तो गल्लीतला कार्यकर्ता, वाचनालयाचा सचिव, सोसायटीचा चेअरमन, म्हणजे चुका फुकट शोधून देऊ शकणारे लोक. फोटो आणि काही तपशील झाकून शोधता येणारी यादी देणं अशक्य नाही.

एक, दोन, तीन आणि केंद्राध्यक्ष

साताऱ्याचे एक माध्यमिक शिक्षक विधानसभेला, २० नोव्हेंबर २०२४ ला, केंद्राध्यक्ष होते. त्यांच्या तोंडून मी ती खोली समजून घेतली.

मतदानाआधी दीड तास पक्षांच्या एजंटांसमोर अभिरूप मतदान. किमान ५० मतं टाकायची, मोजायची, यंत्रातून पडलेल्या कागदी चिठ्ठ्यांशी जुळवायची, मग यंत्र रिकामं करायचं, चिठ्ठ्यांवर शिक्का मारून काळ्या पाकिटात सील करायच्या. "हे पुसायचं राहिलं तर पुढे नोकरीवर येतं," सर म्हणाले. "त्या पहाटे मी क्लिअरचं बटण दाबलं का, हे तीनदा विचारलं सगळ्यांना."

मग पहिला मतदान अधिकारी यादीची खुणेची प्रत घेऊन बसतो. तो मतदाराचं नाव आणि अनुक्रमांक मोठ्यानं वाचतो. हे मोठ्यानं वाचणं नियमातच आहे, कारण एजंटांच्या कानावर ते पडायला हवं. ओळख पटली की त्या चौकटीत तांबड्या शाईची तिरपी रेघ. बाई असेल तर अनुक्रमांकाभोवती गोलही. दुसरा अधिकारी बोटाला शाई लावतो, १७-अ च्या नोंदवहीत सही किंवा अंगठा घेतो आणि चिठ्ठी देतो. तिसरा चिठ्ठी घेऊन यंत्राचं बटण देतो.

"माणूस खरा की खोटा हे कागद पाहून किती कळतं, सर?"

"अर्ध. बाकी अर्ध एजंटांमुळे. आमच्या केंद्रावर एक म्हातारे एजंट होते, प्रत्येकाला नावानं ओळखणारे. ते मान हलवायचे, मला धीर यायचा."

एजंटाला एखाद्या मतदाराबद्दल शंका आली, तर दोन रुपये भरून आक्षेप घेता येतो. दोन रुपयेच. केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे चौकशी करतो. आक्षेप खरा ठरला तर तोतया मतदार पोलिसांच्या ताब्यात, खोडसाळ ठरला तर दोन रुपये जप्त. आणि तुम्ही गेलात, तर तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलेलं आहे, असं झालं तर? तेव्हा माघारी फिरू नये. ओळख पटवून प्रदत्त मत मागावं. कागदी मतपत्रिका मिळते, ती वेगळ्या पाकिटात ठेवतात. नेहमीच्या मोजणीत ती धरत नाहीत, पण वाद न्यायालयात गेला तर उघडू शकते. २००८ साली राजस्थानात नाथद्वाऱ्याचा निकाल एका मतानं लागला आणि अशा प्रदत्त मतांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. सरांच्या केंद्रावर त्या दिवशी असं एक मत पडलं. चार केंद्रं सोडून त्याच नावाचा माणूस होता, त्याच्या जागी यानं किंवा याच्या जागी त्यानं दिलं असावं, असा सरांचा अंदाज.

जुन्या पद्धतीत एजंट त्याच केंद्राच्या हद्दीतला असे. आता तसा माणूस मिळाला नाही, तर मतदारसंघातला कुठलाही मतदार चालतो. पक्षांना सोय झाली. शहरात तर शेजारीच शेजाऱ्याला ओळखत नाही, त्यामुळे मोठ्यानं वाचलेलं नाव ऐकून कुणी मान वर करत नाही.

म्हणून शाईचं महत्त्व. म्हैसूरच्या सरकारी रंग कारखान्यातून १९६२ पासून ही सिल्व्हर नायट्रेटची शाई देशाला मिळते. डाव्या तर्जनीच्या नखावरून कातडीवर ओढायची. उजेड लागला की डाग पक्का बसतो आणि नख वाढेल तसाच जातो. राज्य आयोग मात्र पालिकांसाठी काही वर्षं मार्कर पेन वापरत होता. १५ जानेवारी २०२६ ला तो डाग नेलपॉलिश काढायच्या द्रवानं पुसला जातो, अशा चित्रफिती दिवसभर फिरल्या आणि आयोगाला चौकशी लावावी लागली. शाई पुसली तरी नोंद झालेली असते, दुसऱ्यांदा मत देता येत नाही, असं सांगितलं गेलं. एकाच नावावर दुसऱ्यांदा देता येत नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं. ज्याचं नाव दोन केंद्रांवर आहे, त्याला दुसऱ्या केंद्रावरची नोंदवही अडवत नाही. त्याला बोटावरचा डागच अडवतो. यादीत लाखो दुबार नावं असल्याचं माहीत असताना कच्ची शाई वापरणं हा मला यंत्राच्या वादापेक्षा गंभीर प्रकार वाटतो.

यंत्राबद्दल थोडक्यात. डिसेंबर २०२४ मध्ये माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीनं स्वतःच्या खर्चानं कागदी मतदान घेऊन निकाल पडताळायचं ठरवलं. प्रशासनानं जमावबंदी लावली आणि ते झालं नाही. गावकऱ्यांच्या मनात काय आहे हे समजून घेण्याची एक संधी आपण घालवली. सर्वोच्च न्यायालयानं २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सगळ्या कागदी चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली; प्रत्येक विधानसभा क्षेत्रात पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या जातात तेवढ्याच. मात्र दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पाच टक्के यंत्रं तपासून मागण्याचा हक्क दिला. त्या नोव्हेंबरात विधानसभेच्या मतदानाचा पाच वाजताचा ५८.२२ टक्क्यांचा आकडा अखेरीस ६६.०५ वर गेला, त्यावरून रान उठलं. पाचचा आकडा फोनाफोनीतून गोळा केलेला अंदाज असतो आणि रांगेतल्यांना सहानंतरही मत देता येतं. पक्का हिशेब असतो १७-क नमुन्यात, आणि त्याची प्रत एजंटाला त्याच संध्याकाळी मिळते. सर म्हणाले, "संध्याकाळी सहीला माणूस शोधावा लागतो. पाचला निम्मे निघून गेलेले असतात." सगळ्या केंद्रांचे १७-क जमवून बेरीज मांडणारा पक्ष मला तरी दिसला नाही. याउलट केंद्रातलं चित्रीकरण लोकांना पाहता येऊ नये, असा नियम डिसेंबर २०२४ मध्ये झाला, आणि पुढे ते निकालानंतर ४५ दिवसच ठेवायचं ठरलं. त्यानं संशय वाढलाच.

सिद्ध कुणी करायचं?

२४ जून २०२५ ला बिहारमध्ये मतदार यादीचं विशेष सखोल पुनरीक्षण जाहीर झालं आणि पुराव्याचं ओझं यादी बनवणाऱ्याकडून मतदाराकडे सरकलं. २००३ च्या यादीत ज्याचं नाव नाही, त्यानं जन्माचे, आईवडिलांचे कागद द्यायचे. ७.८९ कोटींची यादी प्रारूपात ७.२४ कोटींवर आली, ६५ लाख नावं गेली. कुणाची आणि का, हे सुरुवातीला सांगायलाही आयोग तयार नव्हता. १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं ती सगळी नावं कारणांसह जाहीर करायला लावली, पुढे आधारही पुराव्यात घ्यायला लावलं. ३० सप्टेंबरच्या अंतिम यादीत ७.४२ कोटी मतदार होते.

पुढच्या टप्प्यात गोवा आला. सुमारे पावणेबारा लाख मतदारांच्या त्या राज्यात डिसेंबर २०२५ च्या प्रारूप यादीतून लाखभर नावं कमी झाली. त्यात मयत होते, दुबार होते आणि घर बंद असलेलेही होते. गोव्यात बंद घर ही नवलाईची गोष्ट नाही. कुणी जहाजावर असतं, कुणी आखातात, कुणी इंग्लंडात. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेल्यांचा हक्क कायद्यानं संपतो, ते वेगळे. पण बोटीवर गेलेला खलाशी सहा महिन्यांनी घरी येणारच असतो. याच मोहिमेत माजी नौदलप्रमुख ॲडमिरल अरुण प्रकाश यांनाही ओळख पटवायला हजर राहण्याची नोटीस गेली. अर्जात जुन्या यादीचा तपशील भरलेला नव्हता, असं निवडणूक कार्यालयानं सांगितलं. त्यांचं नाव देशाला माहीत होतं म्हणून ही बातमी झाली. पिंपरीतल्या त्या वस्तीत कंपनीच्या पाळीवर गेलेल्या माणसाला अशी नोटीस आली, तर तो एका दिवसाची मजुरी बुडवतो किंवा जात नाही.

खरं तर हा प्रश्न आपल्या न्यायालयात जुना आहे. १९९५ च्या लालबाबू हुसेन खटल्यात, दिल्ली आणि मुंबईतल्या वस्त्यांमध्ये पाठवलेल्या नागरिकत्वाच्या नोटिशींवर, सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं, की आधीच्या यादीत नाव असणं याला वजन आहे आणि ते काढायचं तर नीट चौकशी करून, माणसाचं ऐकूनच काढायला हवं. मला हे पूर्णपणे पटतं. नव्यानं नाव घालणाऱ्याला कागद मागा, दारात जाऊन खात्री करा. पण वर्षानुवर्षं मत देत आलेल्याचं नाव काढायचं, तर पुरावा काढणाऱ्यानं द्यायला हवा.

कोयता गेल्यावर

बीड जिल्ह्यात धारूरच्या बाजूला बालाघाटच्या डोंगरातली गावं दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी रिकामी होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला सांगली, कोल्हापूर, नाहीतर कर्नाटकात फडावर जायचं. मार्च-एप्रिलला परत. मी अशा एका गावात उन्हाळ्यात गेले, तेव्हा मारुतीच्या पारावर माणसं होती, घरं उघडी होती.

२०२४ च्या दोन निवडणुकांनी इथला फरक उघडा पाडला. लोकसभेचं मतदान बीडला १३ मे रोजी होतं, गाव भरलेलं होतं. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला आणि गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून. "टोळी निघाली म्हणल्यावर थांबायचं कसं?" पारावरच्या एका बाईनं विचारलं. "उचल घेतल्याली. मुकादम म्हणतो, चला." काही फडांवर मतदानाच्या आदल्या रात्री गाड्या आल्या. त्यांतून जे आले त्यांनी मत दिलं. गाडी कुणी पाठवली आणि मग मत कुणाला, हे पारावर कुणी बोलून दाखवलं नाही. मतदारांना फुकट ने-आण करणं कायद्यानं भ्रष्ट प्रकार आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. आणि सांगितलं असतं तरी दुसरी गाडी नव्हती.

दूर असलेल्या मतदारांसाठी यंत्र करायचं आयोगानं मनावर घेतलं होतं. २०२२ च्या अखेरीस त्यानं दूरस्थ मतदान यंत्र जाहीर केलं, एकाच यंत्रावर ७२ मतदारसंघ चालवणारं. जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना बोलावलं, पक्षांनी शंकांचा पाऊस पाडला आणि विषय तिथेच राहिला. ऊसतोड कामगारांच्या वतीनं तो पुन्हा लावून धरणारं मला कुणी दिसलं नाही.

गावचे बीएलओ जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी. गावातलेच. "दाराला कुलूप म्हणजे माणूस फडात, हे मला माहिती आहे. मी स्थलांतरित लिहीत नाही. उद्या माझी बदली झाली आणि बाहेरचा आला, तर तो काय लिहील?" कायदा गुरुजींच्या बाजूनं आहे. तात्पुरतं बाहेर गेल्यानं माणूस गावचा रहिवासी असणं संपत नाही, असं १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातच लिहिलेलं आहे. अडचण वेळापत्रकात आहे. मतदार याद्यांचं वार्षिक पुनरीक्षण १ जानेवारी ही तारीख धरून चालतं. प्रारूप यादी, ग्रामसभेतलं वाचन, दावे आणि हरकती, हे सगळं ऑक्टोबर ते डिसेंबरात पडतं. गाव रिकामं असतं तेव्हाच गावाची यादी गावापुढे वाचली जाते. हरकत कोण घेणार, आणि आपलं नाव गेलंय हे कुणाला कळणार?

पारावरच्या म्हाताऱ्या मामांनी ते सरळ विचारलं. "आता सगळं गाव हितं हाय. आताच या म्हणावं यादी घेऊन." ग्रामसेवक शेजारीच होते. ते म्हणाले, "मामा, तारखा वरून येतात."

वरून येणाऱ्या या तारखा बदलायला नवा कायदा लागणार नाही. २०२२ पासून १ जानेवारीबरोबर १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर याही अर्हता तारखा आहेत. १ जुलै धरून ऊसतोडीच्या तालुक्यांत मे आणि जूनमध्ये घरफेरी करावी, पारावर यादी मोठ्यानं वाचावी, वगळलेली नावं कारणांसह ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावीत. बिहारमध्ये ६५ लाख नावांसाठी हे न्यायालयानं सांगितल्यावर काही दिवसांत झालं. धारूरच्या एका गावात ती नावं फार तर पन्नास-साठ असतील.